तीनशे एक्केचाळिसावा शॉर्टकट

मानवजातीच्या इतिहासाला वळण देणारे शोध तीनच. अग्नी, चाक आणि आमच्या घरातला शॉर्टकट क्रमांक सतरा. पहिल्या दोघांबद्दल बरंच लिहून झालेलं आहे. तिसऱ्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, त्यामुळे ती जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे.

शॉर्टकट क्रमांक सतरा चालवला की स्पीकरमधून एक वाक्य ऐकू येतं.

"आमटीत मीठ नाही."

आमटी मी केलेली असते. मीठ खरोखरच नसतं.

मी उल्हास शेंडे, राहणार फलटण, तालुक्याच्या एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. आमची कचेरी २०३१ साली कागदविरहित झाली. तेव्हापासून प्रत्येक कागदविरहित कागदाच्या दोन छापील प्रती काढाव्या लागत, म्हणून काम दुप्पट झालं. त्या काळात मला 'चुटकी' भेटली.

चुटकी हा संगणकावरचा लाँचर. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या मधोमध एक रिकामी चौकट उघडते. तिच्यात एखाददुसरं अक्षर लिहायचं, की आपल्याला हवा तो प्रोग्राम समोर हजर. मेन्यू नको, माऊस नको, 'कुठे ठेवलं होतं बरं' नको. आपण जे वारंवार मागतो ते ती यादीत वर आणते. जे मागत नाही ते खाली ढकलते. म्हणजे आपल्या सवयीच ती पाठ करते. पण खरी मजा आपण स्वतः बनवलेल्या शॉर्टकटची. त्यासाठी एक फॉर्म असतो. पहिला रकाना 'खूण', दुसरा 'काम', आणि खाली एक छोटा चौकोन: 'चालवण्यापूर्वी मंजुरी घ्यावी'. हा चौकोन ज्यानं ठेवला तो मनुष्य पूर्वजन्मी आमच्याच आस्थापनेत असणार.

'मस' लिहिलं की 'मान्यतेस्तव सविनय सादर'. 'अव' लिहिलं की 'पृष्ठ एक ते चारचे कृपया अवलोकन व्हावे'. असे दोनशे शॉर्टकट मी बनवले. 'उद्या या' हा मात्र मी बनवला नाही. तो कचेरीत आधीपासून होता.

तोपर्यंत बाहेरचं जग संगणकाशी बोलायला लागलं होतं. पण एका खोलीत चौदा कारकून एकाच वेळी चौदा संगणकांशी बोलतात तेव्हा काय होतं, हे ज्यानं ऐकलं आहे तो कीबोर्ड सोडत नाही. मी निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि माझ्या शॉर्टकटांची फाइल एवढं घेऊन घरी आलो. शाल चारुशीलानं लगेच पांघरली.

चारुशीला म्हणजे माझी पत्नी. बत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची आठ मुख्याध्यापिका म्हणून. तिचं बोलणं खडूसारखं होतं. कोरडं, आणि नेमकं डुलक्या घेणाऱ्याला लागणारं. मला बाराही महिने उकडतं, तिला बाराही महिने गारठतं. तरी आमचा संसार उत्तम चालला, कारण दोघांपैकी एकालाच बोलता येतं यावर आमचं एकमत होतं.

मग संक्रांतीनंतरच्या एका सोमवारी सकाळी, मी पेपर वाचत होतो आणि ती बाकावर शाल गुंडाळून बसली होती, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तो—"

एवढंच. मी पेपरातून डोकं वर काढलं, तर तिचा उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळ्यांत मात्र बाकीचं सगळं वाक्य.

जीव वाचला. हात निम्मा परत आला, पाय पाऊण. वाक्य परत आलं नाही.

"मेंदूतलं शब्दांचं कपाट शाबूत आहे, काका," पुण्याच्या रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ डॉ. केतकी बाबर मला म्हणाल्या. "कपाटाची मूठ निखळली आहे. आपण बोललेलं त्यांना सगळं कळतं. समोर दहा शब्द ठेवले तर हवा तो शब्द त्या ओळखतील. पण आपणहून शब्द बाहेर काढता येत नाही. ना बोलून, ना लिहून."

"मग?"

"मग आपण बाहेरून मूठ बसवायची." त्यांनी चारुशीलाच्या डाव्या मनगटावर एक पट्टा बांधला. "बोट हलवायचं मनात आलं की मेंदूकडून बोटाकडे अगदी बारीक अशी विजेची लाट निघते. ती मनगटावरून जाते. बोट दिसेल इतकं हललं नाही तरी लाट जातेच. पट्टा ती वाचतो आणि संगणकाला कळवतो. एका खुणेला एक वाक्य. खूण केली की स्पीकर ते बोलणार, आणि आवाजही त्यांचाच. शाळेतल्या निकालवाचनाच्या ध्वनिफिती तुम्ही दिल्यात ना, त्यावरून तो तयार केलाय."

"संगणकावर हे चालवतं कोण?" मी विचारलं.

"साधा लाँचर असतो. चुटकी नावाचा."

त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर जे आलं त्याला डॉक्टरीणबाई आशा समजल्या. तो अभिमान होता.

रुग्णालयानं पन्नास वाक्यांचा तयार संच दिला होता. 'मला पाणी हवे आहे.' 'मला बरे वाटत आहे.' 'धन्यवाद.' चारुशीलानं पहिल्याच दिवशी 'धन्यवाद' चालवून पाहिलं. स्वतःच्याच आवाजात तो शब्द ऐकून ती दचकली. माझीही पाचावर धारण बसली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण धन्यवाद म्हणण्याइतके आमचे संबंध कधी बिघडले नव्हते.

मी तो संच पुसून टाकला आणि नवा मांडायला बसलो.

अक्षरांच्या खुणा तिला जमेनात. अक्षर म्हणजे शेवटी शब्दाचाच तुकडा. तीन आठवडे मी हरत होतो. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती डाव्या हाताची बोटं मांडीवर ठरावीक लयीत आपटताना दिसली. मी मोजलं. सतरा, चौतीस, एक्कावन्न, अडुसष्ट. बाई सतराचा पाढा म्हणत होती. शब्द गेले होते. आकडे जागच्या जागी होते, वर्गात हजेरीला उभे राहिल्यासारखे.

मी धावत संगणकाकडे गेलो. चुटकी उघडली. नवा शॉर्टकट. खूण: सतरा. काम? काय लिहावं ते सुचेना. ताटावरची आमटी निवत होती, ती तिनं एक घास खाऊन बाजूला सारली होती. मी लिहिलं.

पट्टा चमकला. स्पीकर म्हणाला, "आमटीत मीठ नाही."

'धन्यवाद' सोडलं तर दोन महिन्यांत या घरात तिचा पहिला शब्द. चारुशीला हसली. मीही हसलो. मग आम्ही दोघं रडलो, आणि आमटीत मीठ पडलं असं लिहायचा मोह मी आवरतो आहे.

त्यानंतर सहा महिने मी एकच काम केलं. पस्तीस वर्षांत ही बाई मला काय काय बोलली ते आठवलं. लोक म्हणतात नवरे बायकोचं ऐकत नाहीत. मी सगळं ऐकलं होतं, पुराव्यानिशी. 'ठेवलंय तिथेच असेल.' 'सांगून काही फायदा आहे का?' 'तुमच्या कचेरीत चालत असेल, इथे चालणार नाही.' 'कपाळ!' 'हो का?' हे वाक्य तर चार वेगवेगळ्या सुरांत भरावं लागलं: विश्वास न बसल्याचं, बसल्याचं, भांडण सुरू करण्याचं आणि संपवण्याचं. वर्गातली वाक्यं वेगळी. बारा नंबरला 'चूक. परत कर', तेरा नंबरला 'बस खाली'. एकोणतीसचा पाढा मला कधीच आला नाही हे तिला माहीत होतं, म्हणून एकोणतीस नंबर खास माझ्यासाठी: 'कुणाला विचारून केलंत?'

एकूण तीनशे चाळीस. तिनं ते आठवड्याभरात पाठ केले.

एकच गोष्ट मला छळत होती. ते अर्धं वाक्य. 'अहो, तो' काय? तो डबा? तो फोन? मी तिला विचारायचो, पर्याय लिहून दाखवायचो. ती मान हलवून नाही म्हणायची आणि डाव्या हाताचं बोट वर करायची. वर, छताकडे. पुन्हा पुन्हा.

माझ्या अंगावर काटा आला. बत्तीस वर्षं जिनं शाळेतल्या सत्यनारायणालाही प्रसादापुरतीच हजेरी लावली, ती मृत्यूच्या दारातून परतल्यावर वर बोट दाखवत होती! 'अहो, तो आहे.' हेच म्हणायचं असणार. मी ताबडतोब पंचावन्न नंबरला 'सगळं त्याच्याच हातात आहे' हे वाक्य भरलं आणि बाकासमोर दत्ताची तसबीर लावली. चारुशीलानं तसबिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शाल कानांवरून ओढून घेतली. तिला भरून आलं असावं.

आता मला माझा गुन्हा सांगायचा आहे.

संच पुरा झाला त्याच महिन्यात शेजारचे क्षीरसागर पतीपत्नी भेटायला आले होते. चहा चालू होता. चारुशीलाच्या हाताला डास चावला, तिनं बोटं हलवली, आणि स्पीकर खणखणीत आवाजात म्हणाला, "हे कधी जाणार आहेत?"

क्षीरसागर तेव्हाच गेले.

डॉ. बाबरना फोन केला. त्या हसल्या. "सुरुवातीला होतं असं. पट्टा अजून त्यांचा हात शिकतोय. आठवडाभर त्या मंजुरीच्या चौकोनात टिक करून ठेवा. खूण झाली की वाक्य आधी तुमच्या घड्याळावर दिसेल, तुम्ही होकार दिलात की मगच स्पीकर बोलेल. आठवड्यानं टिक काढून टाका."

मी तीनशे चाळीस चौकोनांत टिक केली. आठवडा झाला. काढली नाही.

विसरलो असं मी सांगू शकलो असतो. पण आयुष्यभर ज्याच्या टेबलावरून दुसऱ्याच्या सहीसाठी कागद गेले, त्याच्या टेबलावर पहिल्यांदाच स्वतःच्या सहीसाठी कागद येत होता. मनगटावर बारीकशी थरथर व्हायची: 'खूण १७ मंजुरीसाठी सादर'. मी क्षणभर विचार केल्यासारखं करायचो, मग मंजूर. पुढे पुढे मी शेरे मारायला लागलो. 'कपाळ!' — नामंजूर, भाषा सौम्य असावी. 'सांगून काही फायदा आहे का?' — तूर्त स्थगित. 'हो का?', भांडण सुरू करण्याचं — फेरसादर करावे.

यंत्राचा स्वभाव तर मी आधीच सांगितला आहे. जे चालतं ते वर, जे अडतं ते खाली. चुटकीनं माझ्या मंजुऱ्या पाठ केल्या. अर्धवट खूण झाली की ती अंदाज बांधायची, आणि अंदाज नेहमी गोड वाक्याचा. सहा महिन्यांत आमच्या घरात 'बरं' आणि 'तुम्ही म्हणाल तसं' ही दोन वाक्यं पहिल्या क्रमांकावर आली. पंचावन्न नंबर तिसरा.

"वहिनी किती शांत झाल्या हो!" क्षीरसागर म्हणाले. ते पुन्हा यायला लागले होते.

मला अभिमान वाटला. मीच केलेलं होतं ना ते.

कीर्ती पसरली. डॉ. बाबरनी माझा संच पाहिला आणि तो इतर रुग्णांच्या घरांसाठी नमुना म्हणून द्यायचं ठरवलं. प्रत्येकाच्या माणसानं प्रत्येकाची वाक्यं अशीच आठवून भरायची. त्याला त्यांनी 'शेंडे संच' असं नाव दिलं. चारुशीलाच्या माजी विद्यार्थ्यांनी नगरवाचनालयाच्या सभागृहात दोघांचा सत्कार ठरवला. जानेवारीचा शेवटचा रविवार. कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या क्रमांकावर होतं: 'बाई बोलतील.'

त्याच्या आधीच्या गुरुवारी नजमा तांबोळी आल्या. चारुशीलाच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. एकमेकींचे डबे खाऊन दोघी निवृत्त झालेल्या. मधलं दीड वर्ष त्या मुलाकडे औरंगाबादेला होत्या.

"काय गं, ओळखतेस का?" त्यांनी चारुशीलाला मिठी मारून विचारलं.

चारुशीलाची बोटं हलली. माझं मनगट थरथरलं: 'हो का? (भांडण सुरू करण्याचं)'. दीड वर्षानं आलेल्या मैत्रिणीला असं? मी स्थगित केलं. तिनं पुन्हा खूण केली. चुटकीनं समजूतदारपणे पुढचं वाक्य उचललं आणि मी ते मंजूर केलं.

"सगळं त्याच्याच हातात आहे," स्पीकर म्हणाला.

नजमाबाई मागे सरकल्या. तसबिरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, ही कोण बाई बसवलीय तुम्ही इथे?"

"म्हणजे?"

"दीड वर्षं मी फोन केला नाही. भीती वाटायची, ती बोलू शकणार नाही म्हणून. आमची चारुशीला असती तर मला दारातूनच हाकललं असतं. मी शिव्या खायच्या तयारीनं आलेय, आणि ही मला कीर्तन ऐकवतेय!"

"आजारपणानं माणूस बदलतो, नजमाबाई."

"माणूस बदलतो. गणिताची बाई नाही बदलत."

चारुशीला उठली. पाय ओढत भिंतीवर अजून लटकलेल्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरपाशी गेली आणि मागच्या तीन महिन्यांची पानं तिनं नजमाबाईंपुढे धरली. पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. पाच-पाचचे गठ्ठे, डाव्या हातानं काढलेले, जरा वाकडे. मला वाटलं होतं दुधाचा हिशेब असेल.

नजमाबाईंनी चष्मा लावला. "दोन रांगा आहेत. वरच्या रांगेत खूप, खालच्या रांगेत कमी. हे काय, खुणा आणि आवाज? तू खूण किती वेळा केलीस आणि बोललं किती वेळा?"

चारुशीलानं मान डोलावली. मग तिनं एका जागी बोट ठेवलं. तिथे वरच्या रांगेत बारा रेघा होत्या आणि खाली एकही नाही. बाजूला बादलीचं चित्र.

"बादली? भाऊजी आंघोळीला गेले असताना?"

मान पुन्हा डोलली.

म्हणजे बाईंनी प्रयोग केला होता. मी घरात, मी बाहेर, मी आंघोळीला, घड्याळ काढून ठेवलेलं. तीन महिने, नोंदी ठेवून. यंत्र मंद नव्हतं, हात चुकत नव्हता. चल राशी एकच होती, आणि ती खुर्चीत बसून पेपर वाचत होती.

चारुशीला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डाव्या हाताची बोटं सावकाश, एकेक करून हलली. मला घड्याळाकडे पाहायची गरज नव्हती, तरी पाहिलं.

'खूण २९. वाक्य: कुणाला विचारून केलंत? मंजुरीसाठी सादर.'

माझ्या विरुद्धची तक्रार नियमानुसार माझ्याकडेच आली होती. सेवाकाळात असे प्रसंग मी पाहिले होते. तेव्हा हसू आलं होतं.

मी मंजूर दाबलं.

"कुणाला विचारून केलंत?" तिचा आवाज खोलीत घुमला. निकालवाचनाचा आवाज, त्यात नापास झालेल्यांसाठी वेगळी अशी काही दया नसते.

"तुझ्याच भल्यासाठी—" मी सुरुवात केली. पुढचं वाक्य काही केल्या येईना. शब्द कपाटात होते, मूठ सापडत नव्हती.

"शुक्रवार-शनिवार आहेत तुमच्याकडे," नजमाबाई म्हणाल्या. "रविवारी सगळ्या शाळेपुढे कोण बोलणार आहे ते ठरवा. ती, का तुम्ही."

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म उघडला. एकेक शॉर्टकट, एकेक टिक. सगळ्या एकदम काढायची सोय असते हे मला माहीत आहे. पण लावताना एकेक लावल्या होत्या. मध्ये मध्ये हात थांबत होता. रविवारी चारशे लोक येणार. प्रमुख पाहुणे मंत्रालयातले सचिव. तिथे ही 'हे कधी जाणार आहेत?' म्हणाली तर? 'शेंडे संच' तर बासनात जाईलच, फलटणमध्ये तोंड दाखवायला जागा राहणार नाही. 'कपाळ!' वर तर मी पाच मिनिटं थांबलो. मग बाकाकडे पाहिलं. ती तिथे शाल गुंडाळून बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. वर्गात पेपर सुरू असताना बाई खिडकीबाहेर पाहते ना, तशी. कॉपी करायची असेल तर कर.

तीनशे चाळिसावी टिक काढली तेव्हा जेवायची वेळ झाली होती. घड्याळ मी कपाटात ठेवून दिलं.

शनिवारी नजमाबाई परत आल्या. दोघींनी संगणकाच्या खोलीचं दार लावून घेतलं. चुटकीच्या शब्दयादीतून शब्द निवडायचे. नजमाबाई यादी पुढे सरकवणार, हवा तो शब्द आला की चारुशीला बोट उचलणार. काढता येत नाही, पण ओळखता येतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच होतं ते. पाच शब्दांना दोन तास लागले. बाहेर आल्या तेव्हा दोघी घामाघूम होत्या, चारुशीलासुद्धा.

"तीनशे एक्केचाळीस," नजमाबाई म्हणाल्या. "हा तिचा स्वतःचा. तुमच्या आठवणीतला नाही."

"काय आहे?"

"ती सांगेल तेव्हा कळेल. मी शपथ घेतलीय."

"निदान विषय तरी—"

"'अहो'पासून सुरू होतो, एवढंच सांगते."

रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. 'अहो.' दोन वर्षांपूर्वीचं ते वाक्य! ती ते पुरं करणार होती, आणि सगळ्यांदेखत.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. मंचावर आम्ही दोघं, डॉ. बाबर आणि सचिव अविनाश रणवरे, बाईंचेच एके काळचे विद्यार्थी. एवढ्या दिव्यांखाली बसायचं म्हणजे उकडणार, म्हणून मी आल्या आल्या पहारेकऱ्याला सांगून व्यवस्था नीट करून घेतली होती. चारुशीलानं माझी निवृत्तीची शाल पांघरली होती. मला ते शुभचिन्ह वाटलं.

रणवरे साहेब बोलायला उभे राहिले. चांगलं बोलत होते. "बाईंनी बत्तीस वर्षं शिकवलं. दर वर्षी पंचेचाळीस मुलं. म्हणजे जवळजवळ सोळाशे विद्यार्थी बाईंच्या हातून—"

"चूक. परत कर."

मनगटावर काही थरथरलं नाही. मी सवयीनं तिकडे पाहिलं, तिथे नुसती घड्याळाची पांढरी खूण होती.

मंत्रालयातला सचिव माइकसमोर उभा होता आणि त्याची बोटं पाठीमागे हिशेब करत होती. चौथीतल्या मुलासारखी. मला ती दिसत होती.

"चौदाशे..." तो म्हणाला, "चौदाशे चाळीस, बाई."

"बस खाली."

आणि सचिव बसला! भाषण अर्धं टाकून, हसत, डोळे पुसत बसला. मग जसा टाळ्यांचा कडकडाट झाला तसा मी आयुष्यात ऐकलेला नाही. मागच्या रांगेतली पन्नाशीची माणसं बाकांवर उभी राहिली होती. "बाई, मला ओरडा!" कुणीतरी ओरडलं. "शंकर पाटील, बाई, दहावी ब!" चारुशीलानं नजर वळवली, बोटं हलली. "सांगून काही फायदा आहे का?" शंकर पाटील धन्य झाला. डॉ. बाबर खुर्चीत हसून दुमडल्या होत्या. पहिल्या रांगेत क्षीरसागर होते. त्यांच्या वाट्याला एक सणसणीत 'हो का?' आलं, आणि तेही टाळ्या वाजवत होते. दोन वर्षं ही बाई कुठे होती ते सगळ्यांना एकदम कळलं असावं. मला तर माहीतच होतं. माझ्या मनगटावर अडवून ठेवलेली होती.

मला अभिमान वाटला. या वेळी मी काहीही केलेलं नव्हतं, म्हणून जास्त.

टाळ्या विरल्या. नजमाबाईंनी खालून खूण केली. चारुशीला उठली. टेबलाला टेकून ती माझ्याकडे वळली, आणि पूर्वीसारखंच, अगदी पूर्वीसारखंच, बोट वर केलं.

सभागृहात कुजबूज झाली. काही बायकांनी हात जोडले. रणवरे साहेबांनी जोडलेले पाहून उरलेल्यांनीही जोडले. मी उभा राहिलो. दोन वर्षं, अकरा दिवस. जे काही वाक्य असेल ते, क्षमा असो, शाप असो, मी चारशे माणसांपुढे ऐकून घ्यायला तयार होतो. टेबलावर तिची बोटं हलली. तीन, चार, एक.

माझ्या पत्नीचा आवाज, तिच्या स्वतःच्या शब्दांत, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

"अहो, तो पंखा दोनवर करा."